आवाज मी वाढवत गेले

"हे पडून झालेलं नाही," न्यूरोच्या डॉक्टर म्हणाल्या. "बाळाला कुणीतरी धरून जोरात हलवलंय."

सकाळचे अकरा वाजले होते. इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर, लहान मुलांच्या आयसीयूशेजारच्या एका चिंचोळ्या खोलीत मी आणि माझा नवरा प्रसाद बसलो होतो. काचेपलीकडे आमची गार्गी होती. अकरा आठवड्यांची. तिच्या नाकात नळी होती आणि डोक्याच्या शिरेत सुई, कारण हातापायांच्या शिरा सापडत नव्हत्या.

डॉक्टरांनी संगणकाच्या पडद्यावर सीटी स्कॅन दाखवला. "सबड्युरल हेमरेज," त्या म्हणाल्या. म्हणजे मेंदू आणि त्याच्या वरचं आवरण यांच्यामध्ये झालेला रक्तस्राव. सकाळीच डोळ्यांचे डॉक्टर येऊन गेले होते. त्यांनी लिहिलं होतं, रेटिनल हेमरेज. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रक्ताचे ठिपके. दोन्ही डोळ्यांत.

"बाळाची मान कच्ची असते आणि डोकं जड. हलवलं की मेंदू आतल्या आत आपटतो, बारीक रक्तवाहिन्या तुटतात." त्यांनी एक मूठ दुसऱ्या तळहातात दोनदा आपटून दाखवली. मग विचारलं, "घरी बाळाला कोण कोण घेतं?"

"मी," मी म्हणाले. "आणि सकाळी सेल्वी येते. तेल लावते, आंघोळ घालते."

या वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता. तरीही आयुष्यात मी याहून मोठं खोटं बोललेले नाही.

हे लिहायला मला तीन वर्षं लागली. बंद फ्लॅटमध्ये रडणारं बाळ घेऊन एकट्या बसलेल्या कुणाच्या तरी हातात हे पडावं, म्हणून लिहितेय. स्वतःची बाजू मांडायला नाही. वाचून माझा राग आला तर येऊ द्या.

आम्ही दोघं सांगलीचे, नोकरीसाठी तमिळ मुलखात आलेलो. प्रसाद ओरगडमला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर, मी सुट्या भागांचं डिझाइन करणाऱ्या कंपनीत. राहायला वेस्ट मांबलममध्ये, दुसऱ्या मजल्यावर. प्रसादची कंपनीची बस सकाळी सहाला यायची आणि त्याला संध्याकाळी साडेसातला सोडायची. बाळंतपणाला आई आली होती, पण दीड महिन्यानं बाबांना बरं नाही म्हणून तिला परत जावं लागलं.

आई गेली आणि गार्गीचं रडणं वाढलं. पहिल्या आठवड्यात एक तास, मग दोन, मग दुपारी बारापासून सहापर्यंत. पाय पोटाशी घेऊन, मुठी वळून, लालेलाल होऊन रडायची. बालरोगतज्ज्ञांनी तपासलं. म्हणाले, "कॉलिक आहे." धडधाकट बाळ काही कारण सापडत नसताना रोज तासन्‌तास रडतं, त्याला कॉलिक म्हणतात. "तीन-चार महिन्यांत आपोआप थांबेल. धीर धरा."

धीर धरा हे औषध कुठल्याच दुकानात मिळत नाही.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं व्हाइट नॉइज सुचवलं. व्हाइट नॉइज म्हणजे एकसारखा, चढउतार नसलेला आवाज. जोराचा पंखा, शॉवर, रेडिओचं स्टेशन हुकल्यावरची खरखर, तसा. पोटातही बाळाला असाच घोंघाट ऐकू येत असतो, म्हणून तो ऐकून ते शांत होतं असं सांगतात. मी फोनवर लावला. चौथ्या मिनिटाला गार्गी झोपली. मी बाथरूममध्ये जाऊन आनंदानं रडले.

मग ऑनलाइन मशीन मागवलं. भाकरीएवढं, पांढरं, कडेनं भोकं असलेलं. पाच दिवस ते जादूसारखं चाललं. सहाव्या दिवशी गार्गी त्या आवाजातही रडली, म्हणून मी आवाज वाढवला. झोपली. दोन दिवसांनी परत वाढवला. मशीन आधी टेबलावर होतं, ते पाळण्याच्या कठड्यावर आलं आणि शेवटी उशाशी. झोपल्यावर बंद करायचं असतं हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी माझी हिंमत झाली नसती. रोज बारा-चौदा तास ते चालू असायचं.

आईचा फोन आला की ती म्हणायची, "आधी तो मिक्सर बंद कर, मग बोल." मी फोन घेणंच बंद केलं.

समोरच्या फ्लॅटमध्ये जानकीमामी राहतात. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी तंजावरला आलेलं. त्यांच्या जुन्या मराठीत निम्मं तमिळ असतं. त्या दार वाजवायच्या, बेल मारायच्या. मला ऐकू यायचं नाही. एकदा जिन्यात गाठून म्हणाल्या, "पोरी, एकलीच कां बसतीस गं त्या गोंगाटात? पाप्पाला माझ्याकडे दे घटकाभर." पाप्पा म्हणजे बाळ. मी हसून नको म्हटलं. मला वाटलं, माझ्याच्यानं होत नाही हे यांना कळलं.

मशीनच्या आवाजात मला रडणं ऐकू यायला लागलं. गार्गी झोपलेली असतानाही. मी धावत जायची, ती गाढ झोपलेली असायची. मी खाणं सोडलं. कपाटाचं दार लागलं नाही म्हणून मी ते इतक्या जोरात आपटलं की बिजागरी निघाली. एकदा भाताचं भांडं भिंतीवर मारलं आणि प्रसाद यायच्या आत भिंत पुसून घेतली. डिप्रेशन म्हणजे माणूस गप्प गप्प होतं, अंथरुणाला खिळतं, अशी माझी समजूत होती. मी तर दिवसभर पेटलेली असायची. हा आजार आहे असं मला वाटलंच नाही. मला वाटलं, मी वाईट आहे.

तो मंगळवार होता. सेल्वी नऊला आली, गार्गीला आंघोळ घातली, तिच्याशी तमिळमध्ये गप्पा मारल्या आणि अकराला गेली. गार्गी हसत होती. एक वाजता रडायला लागली.

पाजलं, नाही घेतलं. खांद्यावर टाकून फेऱ्या मारल्या, ढेकर काढला, लंगोट बदलला, पोटाला हिंग लावला. दोन वाजले. मशीन चालू होतं. अडीच वाजता मी त्याचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. त्या आवाजानं खिडकीची काच थरथरत होती आणि तिचं रडणं त्यावरही चढून येत होतं. दोन्ही आवाज माझ्या दातांत घुसत होते. हा आवाज आता तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी लावलाय, हे तेव्हा मला उमगलं असतं तर.

मी तिला पाळण्यातून उचललं. दोन्ही काखांत हात घालून माझ्या तोंडासमोर धरलं आणि हलवलं. "गप्प! गप्प! गप्प!" असं मी ओरडत होते, पण माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता. तिचं डोकं पुढे-मागे जात होतं. किती वेळा, मी मोजलं नाही. पोलिसांनी विचारलं, डॉक्टरांनी विचारलं, बालकल्याण समितीनं विचारलं. चार-पाच सेकंदं, एवढंच मला सांगता आलं.

ती गप्प झाली.

आणि मला बरं वाटलं. हे वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. तिचे डोळे मिटत गेले, अंग सैल पडलं, आणि मला वाटलं, झोपली एकदाची. मी तिला ठेवलं, तिथेच जमिनीवर आडवी झाले आणि मलाही झोप लागली.

पाचला उठवलं तेव्हा ती दूध घेईना. मग उलटी झाली, पाठोपाठ दुसरी. रडत नव्हती, नुसती कण्हत होती. टाळू हाताला टणक लागली, फुगलेली. मला कळलं होतं. तरी मी ओवा भाजून पोट शेकत बसले. प्रसाद घरात शिरला आणि त्याच क्षणी तिचा डावा हात झटके द्यायला लागला. डोळे एका बाजूला गेले, ओठ निळे पडले. आम्ही अनवाणी खाली धावलो. रिक्षावाल्यानं बाळाकडे एकदा पाहिलं आणि सिग्नल तोडत गाडी हाणली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी सेल्वीचं नाव घेतलं.

सेल्वी तेव्हा इस्पितळातच होती. जानकीमामींकडून कळल्यावर ती दुसऱ्या घरांची कामं टाकून आली होती. खाली लिफ्टजवळ उभी होती, हातात इडलीचा डबा. प्रसाद माझ्याकडे न पाहता खोलीतून उठला आणि जिन्यानं उतरला. मी मागे धावले. मी जिन्याच्या वळणावर होते तेव्हा त्यानं तिला पहिली थोबाडीत मारली.

डबा पडला, इडल्या फरशीवर पसरल्या. दुसऱ्या तडाख्याला तिनं हात आडवा घातला, त्यात तिच्या काचेच्या बांगड्या फुटल्या आणि मनगटातून रक्त आलं. "काय केलंस माझ्या पोरीला? सांग, काय केलंस?" तो मराठीत ओरडत होता. तिला एक शब्द कळत नव्हता. कुणीतरी म्हणालं, आया आहे, बाळाला मारलंय. लगेच दोन अनोळखी माणसांनी तिला दंडाला धरून भिंतीशी दाबलं. एका बाईनं तिची वेणी ओढली. सुरक्षारक्षक येईपर्यंत तिला ढकलणं चालूच होतं.

मी जिन्यात उभी होते. मला ते सगळं एका वाक्यात थांबवता आलं असतं.

अशा केसमध्ये इस्पितळाला पोलिसांना कळवावंच लागतं. तासाभरात एक महिला सब-इन्स्पेक्टर आल्या. सेल्वीला तळमजल्यावरच्या बाकावर बसवलं होतं, शेजारी एक कॉन्स्टेबल. ओठ सुजला होता. मला जबाब द्यायला खाली बोलावलं. मला पाहताच ती उठली.

"अक्का, तुम्ही सांगा ना यांना," ती तमिळमध्ये म्हणाली. "मी गेले तेव्हा पाप्पा हसत होती. तुम्ही दारात उभ्या होतात. सांगा ना."

माझं तमिळ मोडकंतोडकं आहे. बाजारापुरतं. पण तेव्हा तोंडून तमिळच निघालं. "नान दान." मीच. मी केलं.

कुणाला कळलं नसेल असं वाटून मी परत म्हणाले. मग इंग्रजीत, मग मराठीत.

प्रसाद माझ्या मागेच उभा होता. त्यानं माझे खांदे धरले आणि मला हलवलं. "काय म्हणालीस? काय म्हणालीस?" माझं डोकं मागच्या भिंतीवर आपटलं, दोनदा. दातांत जीभ सापडली. "सर! हात सोडा!" सब-इन्स्पेक्टर ओरडल्या. त्यानं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. आपण काय करतोय हे त्याला तेव्हा दिसलं. तो तिथेच फरशीवर बसला आणि ओकला.

त्या दुपारी तो घरी कपडे आणायला गेला. आदल्या दिवशी धावपळीत कुणी बंद केलं नव्हतं, त्यामुळे ते मशीन रिकाम्या फ्लॅटमध्ये अजून पूर्ण आवाजात चालू होतं. त्यानं डोशाचा बिडाचा तवा घेऊन मशीनचे तुकडे केले. मग पाळण्याचे केले. जानकीमामींनी आत जाऊन त्याच्या हातातून तवा काढून घेतला. हे मला त्यांनी नंतर सांगितलं.

पुढचे दिवस गार्गीचे होते.

पहिले तीन दिवस झटके येत राहिले. एका औषधानं थांबेनात, दुसरं सुरू केलं. चौथ्या दिवशी टाळू परत फुगली, तेव्हा सबड्युरल टॅप केलं. म्हणजे टाळूच्या कडेतून सुई आत घालून साठलेलं रक्ताळ पाणी काढायचं. मला आत येऊ दिलं नाही. डॉक्टरांनी बाहेर येऊन लालसर पाण्यानं भरलेली सिरिंज प्रसादला दाखवली. मी मागून पाहिली. हे दोनदा करावं लागलं.

नवव्या दिवशी तिनं बोंडलं चोखलं. अकराव्या दिवशी रडली. त्या रडण्यानं आयसीयूतली नर्स हसली आणि मी बाहेर भिंतीला धरून उभी राहिले.

मला तिसऱ्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. साधारण साठीच्या, हळू बोलणाऱ्या बाई. त्यांनी दीड तास ऐकलं. "पोस्टपार्टम डिप्रेशन," त्या म्हणाल्या. बाळंतपणानंतर येणारं नैराश्य. "सगळ्याच बायका रडत नाहीत. काहींना राग येतो. भांडी फेकतात, दारं आपटतात, आणि कुणाला सांगत नाहीत. झोप नसणं, एकटेपणा आणि तो सततचा आवाज यांनी ते चिघळलं. यावर औषध आहे. तुम्ही बऱ्या व्हाल."

मी विचारलं, "मग मी जे केलं ते आजारानं केलं का?"

"कदाचित आजाराशिवाय तुम्ही ते केलं नसतं. याहून जास्त मी सांगू शकत नाही."

मी मनात पुढचं पूर्ण केलं. सेल्वीचं नाव घेतलं, ते आजारानं नाही घेतलं. ते मी शुद्धीवर असताना घेतलं.

पोलिसांचं आणि बालकल्याण समितीचं काम वर्षभर चाललं. सगळं सांगत नाही. सहा महिने मला गार्गीबरोबर एकटीला राहायची परवानगी नव्हती. आई परत आली. माझ्या लेकीला माझ्या मांडीवर देताना आई समोर बसून राहायची आणि माझ्या हातांवरून नजर हटवायची नाही. तिचं चुकत नव्हतं.

घरी सोडण्याआधी गार्गीची बेरा टेस्ट झाली. झोपलेल्या बाळाच्या डोक्याला तारा चिकटवून आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते पाहतात, ती ही तपासणी. कान ठीक निघाले. तेव्हा मी बालरोगतज्ज्ञांना विचारलं, व्हाइट नॉइज लावायलाच नको होता का?

"वस्तू वाईट नाही," ते म्हणाले. "पण खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायची. बंद दारामागे शॉवर चालू असावा इतकाच आवाज, आणि बाळ झोपलं की बंद. एक लक्षात ठेवा. बाळाचं रडणं आपल्याला ऐकू येऊ नये म्हणून आवाज वाढवावासा वाटला, तर तो दिवस आवाज वाढवायचा नसतो. त्या दिवशी बाळाला पाळण्यात सुरक्षित ठेवून खोलीबाहेर यायचं आणि कुणाला तरी हाक मारायची. दहा मिनिटं रडून बाळाला काही होत नाही."

वाचणाऱ्यांनी या प्रकरणातलं दुसरं काही नाही, पण एवढं तरी लिहून फ्रिजवर लावावं.

तीन महिन्यांनी, गोळ्यांनी डोकं जागेवर आल्यावर, मी सेल्वीच्या घरी गेले. प्रसादही आला, पण गल्लीच्या तोंडाशी थांबला. सेल्वीनं दारातच उभं ठेवलं. मी हात जोडून जे बोलायचं पाठ करून गेले होते ते बोलले. तिनं पूर्ण ऐकलं.

"पाप्पा कशी आहे?" तिनं आधी हे विचारलं.

सांगितलं. मग ती म्हणाली, "अक्का, मला माफी काय करायची? चार घरांनी मला काढलं. बाळाला मारणारी बाई म्हणून. तुम्ही त्या चार घरी चला आणि इथे जे बोललात ते तिथे बोला. आणि प्रसाद सारनी मला मारलं, तेही सार स्वतः बोलतील."

पुढच्या रविवारी आम्ही गेलो. सेल्वी पुढे, आम्ही मागे. एकेक दार उघडायचं आणि मी म्हणायची, माझ्या बाळाला मी हलवलं होतं, या बाईनं काही केलं नाही, मी खोटं बोलले. मग प्रसाद म्हणायचा, मी हिला न विचारता मारलं. पहिल्या घरातल्या आजोबांनी खाली मान घातली. दुसऱ्या घरी चहा विचारला, आम्ही नको म्हटलं. तिसऱ्या घरातली बाई माझ्या अंगावर धावून आली. "तू आई आहेस?" म्हणाली आणि माझ्या छातीवर दोन्ही हातांनी ढकललं. मी जिन्यावर पडले. सेल्वीनं मला उठवलं नाही आणि त्या बाईला अडवलंही नाही. चौथ्या घराची बेल तिनंच वाजवली.

तीन घरांनी तिला परत बोलावलं. आमच्याकडे ती पुन्हा आली नाही.

गार्गी आता तीन वर्षांची आहे. डावा हात उजव्याहून मागे आहे, चेंडू पकडताना लगेच कळतं. चष्मा आहे. झटक्यांचं औषध यंदा बंद झालं. मराठी आणि तमिळ एकत्र करून अखंड बोलते, बरीचशी जानकीमामींसारखी. मोठी झाल्यावर तिला हे सगळं मीच सांगणार आहे. प्रसाद आणि मी एकत्र आहोत. ते सोपं नाही, एवढंच लिहिते.

मागच्या महिन्यात त्याच इस्पितळात फिजिओथेरपीच्या रांगेत माझ्या शेजारी एक मुलगी बसली होती. टी. नगरच्या एका दागिन्यांच्या दुकानात कामाला, चोवीस-पंचवीसची असेल. मांडीवर दोन महिन्यांचा मुलगा, मान एका बाजूला वळते म्हणून आणलेला. तो रडायला लागला तशी तिनं फोन काढला, घोंघाट लावला आणि फोन त्याच्या कानाला चिकटवला. माझ्याकडे पाहून ओशाळली. "घरी मोठं मशीन आहे, अक्का. आता त्यावरही झोपत नाही. तुम्ही काय वापरायचात?"

मी आजवर पोलिसांना सांगितलं होतं, डॉक्टरांना सांगितलं होतं, चार दारांत सांगितलं होतं. ते सगळं मागितल्यावर सांगितलेलं. या मुलीनं फक्त मशीनचं नाव विचारलं होतं. मी तिला सगळं सांगितलं, त्या चार-पाच सेकंदांसकट. गार्गी समोर उड्या मारत होती, तिचा डावा हात मी दाखवला.

ती उठून जाईल असं वाटलं. तिनं फोन बंद केला. मुलगा रडतच होता. समोरच्या भिंतीकडे पाहत, तोंड न वळवता ती म्हणाली, "काल मी ह्याला पलंगावर टाकलं. ठेवलं नाही, अक्का. टाकलं."

"त्यानंतर दूध घेतलं? उलटी?"

"घेतलं. उलटी नाही. पण हात माझाच होता का ते मला कळेना."

मी उठले. खिडकीवरच्या बाईंना म्हणाले की आमचा नंबर मागे टाका, आम्हाला आधी बाळाच्या डॉक्टरांकडे आणि मग दुसऱ्या मजल्यावर जायचंय. दुसऱ्या मजल्यावर माझ्या मानसोपचारतज्ज्ञ बसतात. त्या मुलीनं मुलगा माझ्यापुढे धरला.

तीन वर्षांत कुणी आपणहून, माझ्याबद्दल सगळं ऐकल्यावर, माझ्या हातात मूल दिलं नव्हतं. मी मानेखाली हात घालून त्याला घेतलं. तो पूर्ण ताकदीनं रडत होता आणि आम्ही तसंच, त्याला रडू देत, जिना चढलो.